पंधरा दिवसांचा उन्हाळा

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली कीं बिछाने गुंडाळावे, फराळाचे डबे भरावे आणि मुलाबाळांसह कोठें तरी आठ-पंधरा दिवस राहून यावें, हा परिपाठ मध्यम वर्गाच्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, आंब्याच्या मोहोराप्रमाणें तोही निसर्गाचाच एक नियम असावा असें वाटूं लागतें. वस्तुतः ह्या परिपाठाचें वय फार थोडें आहे. यात्रेकरू, व्यापारी आणि शिपाई हे पुरातन कालापासून रस्त्यांवर आहेत. राजेरजवाडे आणि धनिक हेही हवापालटासाठीं डोंगरावर वा समुद्रकांठीं जात आले आहेत. परंतु रोजच्या मजुरीवर पोट भरणारा मनुष्य, त्याची बायको आणि दोन-तीन लहान मुलें, हें सबंध कुटुंब केवळ विश्रांति आणि आनंद ह्यांसाठीं घराबाहेर रात्री काढीत आहे, हें दृश्य मोठ्या प्रमाणावर दिसूं लागलें तें विसाव्या शतकांत. आणि त्यासाठीं ज्या एका उन्हाळ्याकडे बोट दाखवितां येतें, तो फ्रान्समधील १९३६ चा उन्हाळा होय. त्याचें महत्त्व समजण्यासाठीं एक गोष्ट आरंभींच लक्षांत घेतली पाहिजे. गरिबाच्या मुलांना मोकळी हवा व सूर्यप्रकाश त्यापूर्वींही अधूनमधून मिळत असे. मिळत नसत ते मोकळे आईबाप.

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास प्रवासासाठीं तीन गोष्टी एकाच वेळीं लागतात: वेळ, गाडीभाडें आणि रात्रीचा निवारा. ह्यांपैकीं दोन मिळाल्या आणि तिसरी नसली, तर प्रवास एक तर घडत नाहीं किंवा निराळेंच रूप घेतो. ५ जुलै १८४१ रोजीं टॉमस कुक ह्या मद्यपाननिषेधाच्या प्रचारकानें इंग्लंडांत लीस्टरहून लफबरोपर्यंत सुमारें पांचशें लोकांस माणशीं एक शिलिंग घेऊन आगगाडीनें नेऊन आणलें, तेव्हांपासून स्वस्त सहलींचें युग सुरू झालें. परंतु ती सहल एका दिवसाची होती. सूर्यास्तापूर्वीं परत फिरणें भाग असे, कारण रात्र काढावयाची म्हणजे खाणावळीचा वा हॉटेलचा खर्च आला. आणि हा खर्च असा दुष्ट आहे कीं, तो डोक्यागणिक वाढतो. चार मुलांच्या बापास मुलें जितकीं अधिक प्रिय, तितका प्रवास अधिक महाग!

ह्या अडचणींतून परोपकारी लोकांनीं एक वाट काढली. १८७६ सालीं झ्यूरिक येथील बिऑन ह्या धर्मोपदेशकानें शहरांतल्या ६८ गरीब मुलांस आपेन्झेलच्या डोंगराळ प्रदेशांत नेऊन ठेविलें. हवापालटानें मुलांचीं शरीरें सुधारलीं, आणि ती कल्पना पुढें युरोपभर पसरली. फ्रान्समध्यें तर ह्या सुट्टीच्या वसाहतींचें मोठेंच जाळें उभें राहिलें. कार्य निःसंशय स्तुत्य होतें. पण त्यांत मुलें डोंगरावर जात आणि आईबाप कारखान्यांतच राहत. उलट लंडनच्या पूर्व भागांतील गरीब बायका हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें तोडण्यासाठीं दरसाल उन्हाळा सरतां सरतां मुलांसह केंट परगण्यांत जात, झोंपड्यांतून राहत आणि चुलींवर अन्न शिजवीत. मुलांना तेथें शेतें, झाडें, चांदणें सर्व कांहीं मिळे. परंतु आई मजुरीला आलेली असे. एकीकडे विश्रांति होती तर कुटुंब नव्हतें. दुसरीकडे कुटुंब होतें तर विश्रांति नव्हती.

निवाऱ्याचा प्रश्न सोडविण्याचें श्रेय एका शिंप्याकडे जातें, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. टॉमस हायराम होल्डिंग हा इंग्लिश गृहस्थ १८५३ सालीं नऊ वर्षांचा असतांना आपल्या आईबापांबरोबर अमेरिकेस गेला. सुमारें तीनशें प्रवाशांच्या त्या तांड्याचा मिसिसिपी नदीच्या कांठीं पांच आठवडे मुक्काम पडला होता. नंतर गाड्यांमधून माळरानें ओलांडण्याचा प्रवास सुरू झाला. लहानपणीं मनावर उमटलेली ती मुक्कामाची गोडी त्यास जन्मभर पुरली. पुढें तो लंडनमध्यें शिंप्याचा धंदा करूं लागला, आणि आपलें कसब त्यानें तंबू हलका करण्याकडे लाविलें. लष्करी तंबू वाहण्यास बैल वा घोडे लागत. होल्डिंगचा तंबू सायकलीवर मावे. १९०१ सालीं त्यानें सायकलवरून प्रवास करून तंबूंत राहणारांचा संघ स्थापिला आणि १९०८ सालीं ह्या विषयावर एक विस्तृत पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच सुमारास स्वीडनच्या लिंडक्विस्ट ह्यानें १८९२ सालीं तयार केलेला, आपल्याकडील प्रत्येक जुन्या स्वयंपाकघरास परिचित असलेला, प्रायमस स्टो घरोघर पोंचला होता. छप्पर आणि चूल हीं दोन्ही पाठीवर घेऊन हिंडण्याची सोय झाली. फ्रान्समध्येंही १९१० सालीं अशा हौशी लोकांचा क्लब निघाला. परंतु तो हौशी लोकांचाच होता. तंबू स्वस्त झाला तरी तो उभारण्यास दिवस हवेत. आणि दिवस मजुराच्या मालकीचे नव्हते.

फ्रान्समध्यें सरकारी नोकरांस १८५३ पासून पगारी रजा मिळत असे. पॅरिसच्या भुयारी रेल्वेच्या नोकरांस ती १९०० सालीं मिळाली. पण कारखान्यांतील बहुसंख्य कामगारांस सुट्टी म्हणजे बेकारी, एवढाच अर्थ ठाऊक होता. १९३६ च्या एप्रिल-मे महिन्यांतील निवडणुकींत डाव्या पक्षांच्या संयुक्त आघाडीस बहुमत मिळालें. नवें मंत्रिमंडळ अधिकारारूढ होण्यापूर्वींच संपांस आरंभ झाला आणि पाहतां पाहतां सुमारें वीस लक्ष कामगार त्यांत सामील झाले. अनेक ठिकाणीं कामगार कारखान्याबाहेर न पडतां आंतच ठाण मांडून बसले. ४ जून रोजीं लेऑं ब्लूम पंतप्रधान झाले; ७ जून रोजीं मालक व कामगार ह्यांच्या प्रतिनिधींमध्यें सुप्रसिद्ध मातिन्यों करार झाला; आणि २० जून १९३६ रोजीं पगारी रजेचा कायदा झाला. एक वर्ष सलग नोकरी केलेल्या प्रत्येक कामगारास वर्षांतून पंधरा दिवसांची, म्हणजे कामाच्या बारा दिवसांची, रजा पूर्ण पगारासह मिळावी, अशी त्यांत तरतूद होती. प्रतिनिधिसभेंत हें बिल जवळजवळ एकमतानें संमत झालें होतें. ज्या गोष्टीसाठीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या तिष्ठत राहिलीं, ती एका महिन्याच्या आंत पदरांत पडली.

वेळ मिळाला, आतां भाडें राहिलें. नव्या मंत्रिमंडळांत क्रीडा आणि फुरसत ह्यांची व्यवस्था पाहण्यासाठीं एक उपमंत्रिपद निर्माण करण्यांत आलें होतें आणि त्यावर लेओ लाग्रांज ह्या छत्तीशींतल्या वकिलाची नेमणूक झाली होती. त्यांनीं निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांशीं बोलणें करून ऑगस्टच्या आरंभीं कामगारांसाठीं वार्षिक रजेचें एक खास तिकीट सुरू केलें. त्यावर भाड्यांत शेंकडा ४० सूट असे, आणि मुख्य गोष्ट अशी कीं, ती सूट कामगाराच्या पत्नीस व अज्ञान मुलांसही लागू होती. कायद्यानें रजा दिली ती एकट्या नोकरदारास. तिकिटानें ती कुटुंबाची केली. लोक त्यास लाग्रांजचें तिकीट म्हणूं लागले. त्या पहिल्याच उन्हाळ्यांत त्याचा लाभ सुमारें सहा लक्ष लोकांनीं घेतला.

विरोधकांनीं ह्या नव्या खात्यास आळसाचें मंत्रिखातें म्हणून हिणविलें. आजवर ज्या किनाऱ्यांवर श्रीमंतांचीच वस्ती असे, तेथें टोपीवाले मजूर आणि त्यांचीं रडकीं पोरें दिसूं लागल्यावर कित्येकांच्या कपाळास आंठ्या पडल्या. खरें पाहतां किनाऱ्यावर गेलेले लोक एकंदर कामगारांच्या मानानें थोडेच होते. पुष्कळजण घरींच राहिले, कारण रजा पगारी असली तरी पगार तुटपुंजाच होता. पुष्कळजण खेड्यांतल्या नातेवाईकांकडे गेले, आणि ह्या बाबतींत फ्रेंच मजूर आपल्याला अगदीं घरचा वाटतो. ज्यांना नातेवाईकांचें घर नव्हतें त्यांना तंबू होता. दोघांनीं मिळून चालवावयाची जोडसायकल, मागें मुलासाठीं जोडलेली छोटी गाडी, कडेला बांधलेलें कापडाचें गांठोडें आणि एक पातेलें, एवढ्या संसारावर कित्येक जोडपीं नदीकांठीं वा समुद्रकांठीं जाऊन राहिलीं. मुलास तंबूंत हॉटेलसारखें जपावें लागत नाहीं. त्यानें आरडाओरडा केला तर शेजारचा प्रवासी तक्रार करीत नाहीं. वाळू सांडली तर कोणी रागावत नाहीं. लहान मुलें असलेल्या कुटुंबास स्वस्त मुक्काम हाच पुष्कळदां सोयीचा मुक्कामही ठरतो, हें त्या लोकांनीं अनुभवानें ओळखलें.

ह्या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कायद्यानें रजा मोजली ती मजुरी मिळविणाराची. घरांत राबणाऱ्या स्त्रीच्या कामास मजुरी नव्हती, म्हणून तिच्या रजेचा प्रश्नही उद्भवला नाहीं. तंबूंतही मुलांना भूक लागते, कपडे मळतात आणि पाणी तर लांबून आणावें लागतें. तेव्हां नवरा मासे धरीत बसला आहे आणि बायको वाऱ्यांत स्टो पेटविण्याची खटपट करीत आहे, अशी ही सुट्टी अनेक ठिकाणीं झाली असल्यास नवल नाहीं. तरीही उघड्यावरच्या संसारांत फरशी पुसावयाची नसते, भांडीं थोडीं असतात, आणि नवऱ्याचे हात दिवसभर मोकळे असल्यामुळें पाण्याची बादली त्याच्याकडे देतां येते. पुढें १९३७ सालीं फ्रान्समधील शिक्षकांनीं आपला एक सहकारी संघ काढला. त्याच्या तळांवर पगारी नोकर न ठेवतां तेथें उतरलेल्या कुटुंबांनींच आळीपाळीनें व्यवस्था पाहावी असा प्रघात पडला. अल्प वेतनाच्या सुशिक्षित वर्गानें काटकसरीस दिलेलें हें सुंदर रूप होय.

लोकांच्या फुरसतीकडे लक्ष पुरविणारें फ्रान्स हें कांहीं एकटेंच राष्ट्र नव्हतें. इटलींत १९२५ पासून आणि जर्मनींत १९३३ पासून हुकूमशाही सरकारांनीं कामगारांच्या सहली, खेळ व जलपर्यटनें ह्यांच्या प्रचंड संघटना उभारल्या होत्या. स्वस्तपणांत त्या कांहीं उण्या नव्हत्या. परंतु तेथें माणसाचा मोकळा वेळही राज्याच्या कवायतीचा भाग झाला होता. लोकशाही देशांत फुरसतीची कवायत करतां कामा नये, असें लाग्रांज ह्यांनीं अधिकारावर येतांच नभोवाणीवरून स्पष्ट सांगितलें होतें. सरकारनें दिवस द्यावे, तिकीट स्वस्त करावें आणि मग बाजूस व्हावें. तंबू कोठें ठोकावयाचा हें कुटुंबानें ठरवावें. ह्या भेदाचें मोल थोडें नाहीं.

चारच वर्षांत युद्धानें हें सर्व उधळून लाविलें. लाग्रांज ९ जून १९४० रोजीं रणांगणावर मारले गेले. त्याच महिन्याच्या २० तारखेस, म्हणजे पगारी रजेच्या कायद्यास बरोबर चार वर्षें झालीं त्या दिवशीं, मार्शल पेतें ह्यांनीं राष्ट्रास उद्देशून भाषण केलें आणि त्यागवृत्तीवर सुखलोलुपतेनें मात केल्यामुळें पराभव झाला असें सांगितलें. पुढें १९४२ सालीं रिऑम येथें ब्लूम ह्यांच्यावर खटला भरण्यांत आला, तेव्हां त्यांनीं आपल्या बचावाच्या भाषणांत रस्त्यांवर पाहिलेल्या जोडसायकलींची आणि एकसारखे कपडे घातलेल्या कामगार जोडप्यांची आठवण काढली. कष्टाच्या, अंधाऱ्या आयुष्यांत आपण थोडासा उजेड आणला असें वाटलें, ह्या आशयाचे त्यांचे उद्गार आहेत. पराभवाचें खापर मजुराच्या पंधरा दिवसांवर फोडणें सोपें होतें. पण इतिहासानें तो निकाल मानिला नाहीं. फ्रान्समध्यें पगारी रजा १९५६ सालीं तीन आठवड्यांची, १९६९ सालीं चार आठवड्यांची आणि १९८२ सालीं पांच आठवड्यांची झाली.

आपल्याकडे हाच प्रश्न वेगळ्या रीतीनें उभा राहिला. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा कोंकणचा वा घाटावरचा कामगार पुष्कळदां बायकामुलांस गांवीं ठेवून एकटा शहरांत राही. त्याचा प्रवास कुटुंबासह नव्हता, कुटुंबाकडे होता. उन्हाळ्यांत वा सणाला तो गांवीं जाई तेव्हां सामान्यतः त्याची मजुरी बुडे, आणि परत आल्यावर आपल्या जागीं बदली कामगार दिसेल कीं काय, ही धास्ती त्याच्या मनांत असे. कारखान्यांतील कामगारांस पगारी रजा देणारी तरतूद १९४५ सालीं कायद्यांत आली, आणि १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टानें प्रौढ कामगारास कामाच्या दर वीस दिवसांमागें एक दिवस पगारी रजा ठरवून दिली. मध्यम वर्गाच्या मुलांचा उन्हाळा आजोळीं गेला. तेथें भाडें एकवेळचें, राहणें फुकट आणि आंबे परसांतले. परंतु वडील बहुधा मुलांना पोंचवून परत कचेरींत हजर होत.

म्हणून १९३६ च्या त्या उन्हाळ्याकडे पाहतांना किती लोकांनीं समुद्र पाहिला हा हिशेब अपुरा वाटतो. बाप पहाटे भोंगा होतांच जातो आणि रात्रीं थकून येतो, एवढेंच ज्या मुलांना ठाऊक होतें, त्यांनीं त्याला प्रथमच भर दुपारीं जागेपणीं, निरुद्योगी आणि हंसतांना पाहिलें. त्यास पोहतां येतें, शीळ वाजवितां येते, तोही लहानपणीं झाडावरून पडला होता, ह्या गोष्टी घराच्या चार भिंतींत कळण्यास सवडच नव्हती. मुलांना हवा देण्यासाठीं दानशूर लोक पुरे पडले असते. परंतु मुलांना त्यांचे आईबाप पंधरा दिवस देण्यासाठीं कायदाच व्हावा लागला.