हुआंगशानच्या पायथ्याच्या बायका

चीनच्या आन्हुई प्रांतात हुआंगशान हा डोंगर आहे. तो चढून उतरलेले प्रवासी जवळची जुनी गावं पाहतात. त्यांतली शीदी आणि होंगत्सुन २००० साली जागतिक वारसा ठरली.

इथले पुरुष व्यापाराला परमुलखात जात. बायका उंच भिंतींच्या घरात एकट्यानं संसार ओढत. तांग्युए गावात सात दगडी कमानी आहेत. त्यांतल्या दोन, पुन्हा लग्न न केलेल्या विधवांच्या मानाच्या.

होंगत्सुनचं अर्धचंद्राकृती तळं मात्र, सुमारे ६०० वर्षांपूर्वी, नवरा नोकरीनिमित्त दूर असताना एका सुनेनं पुढाकार घेऊन करवलं, असं गाव सांगतं. पाटाचं पाणी आजही दारावरून वाहतं.

कमान सोसण्याला मिळाली. पाणी मात्र बाईच्या कर्तबगारीनं आलं. आपल्या गावात अशी कामं कुणी केली, ते आज्यांना विचारून लिहून ठेवू या.