दोन स्मृतींची गोष्ट

संगणकाला दोन स्मृती असतात. एक पाठांतराची, दुसरी वहीची. रॅम म्हणजे पाठांतर. वीज गेली की पाटी कोरी. डिस्क म्हणजे वही. वीज नसली तरी लिहिलेले जपणारी.

आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कला ५० तबकड्या होत्या. कपाटाएवढ्या त्या यंत्रात मावत जेमतेम ५० लाख अक्षरे. आजच्या रॅमचे मूळ रॉबर्ट डेनार्ड यांच्या कल्पनेत आहे. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यात एक बिट ठेवण्याचे पेटंट त्यांना १९६८ साली मिळाले. कपॅसिटरमधला विद्युतभार सतत गळतो, म्हणून तो सेकंदात अनेकदा भरावा लागतो. घोकंपट्टीच म्हणा ना! १९८४ साली तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृती मांडली. तिच्यातूनच पुढे फिरत्या तबकडीविना चालणारी एसएसडी घडली.

लॅपटॉपमध्ये या दोन्ही वस्तू बरीच वर्षे सुट्या असत. चार स्क्रू काढायचे, रॅमची पट्टी बदलायची, डिस्कच्या जागी एसएसडी बसवायची. थकलेले यंत्र पुन्हा धावू लागे. थोरल्याचा लॅपटॉप धाकटीला पुरे. २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये मात्र रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली होती. पुढे इतरही अनेकांनी तोच मार्ग धरला. जाडी घटली, पण खरेदीच्या दिवशीचा निर्णय कायमचा झाला. २०२१ साली फ्रेमवर्क कंपनीने सहज खोलता येणारा लॅपटॉप आणला, तेव्हा जुनीच सोय नवी ठरली.

म्हणून लॅपटॉप घेताना किमतीआधी एवढे विचारावे: याची स्मृती उद्या वाढवता येईल का? ज्याचे झाकण आपल्याला उघडता येत नाही, त्याचे आयुष्य दुसराच कोणी ठरवतो.