छत्तीस गुणांची जोडी

लग्नाची बोलणी सुरू झाली की आपल्याकडे आधी पत्रिका पाहतात. मुलगा उत्तम, मुलगी उत्तम, पण गुण जुळले नाहीत तर वडीलधारी माणसे मान हलवतात. माझा पत्रिकेवर विश्वास नाही. तरीही गेल्या उन्हाळ्यात आमच्या गॅरेजमध्ये एक लग्न जुळवताना मला या रिवाजाची फार आठवण झाली. वर म्हणजे विजेची मोटर आणि वधू म्हणजे पाण्यातला प्रोपेलर.

त्याचे असे झाले. आमच्या लेकीने हट्ट धरला की घरच्या घरी हायड्रोफॉइलची फळी बनवायची. फळीखाली उभा दांडा, दांड्याच्या तळाशी विमानासारखे छोटे पंख आणि तिथेच मोटर. ताशी अठरा-वीस किलोमीटर वेग आला की पंख फळीला पाण्याबाहेर उचलतात आणि माणूस हवेत तरंगल्यासारखा जातो. माझी डॉक्टरेट इंजिनियरिंगची. पण गेली वीस वर्षे हातात पाना नाही, कीबोर्डच. तेव्हा म्हटले, करू या.

आमची मोटर दर व्होल्टला २७० फेरे घेणारी आणि बॅटरी ४४ व्होल्टची. म्हणजे मोकळी फिरली तर मिनिटाला सुमारे १२,००० फेरे. प्रोपेलर एका फेऱ्यात १० सेंटिमीटर पुढे सरकणारा. गुणाकार केला तर वेग ताशी ७० किलोमीटर! कागदावर आम्ही उडतच होतो. तळ्यावर मात्र फळीमागे पाण्याचा नुसता फेस झाला, मोटर तापली, कंट्रोलरने मान टाकली आणि फळी काही पाणी सोडीना.

"बाबा, मोटर बिघडली का?" लेकीने विचारले. मलाही तसेच वाटले. अधिक ताकदीची मोटर मागवायचे ठरवून घरी आलो. पण त्याच सुमारास न्यूकॅसलला जाणे झाले. तिथल्या डिस्कव्हरी म्युझियममध्ये 'टर्बिनिया' नावाची शंभर फुटांहून लांब, जेमतेम नऊ फूट रुंद अशी सुरीसारखी नौका ठेवली आहे. तिची हकिगत वाचली आणि मोटरची मागणी रद्द केली. ती हकिगत सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

चार्ल्स पार्सन्स हा एका खगोलप्रेमी सरदाराचा धाकटा मुलगा. त्याने १८८४ साली वाफेची टर्बाइन बनवली. तिचा वेग मिनिटाला १८,००० फेरे. वीज निर्माण करायला असा वेग उत्तम. पुढे त्याच्या मनात आले की हीच टर्बाइन जहाजात का बसवू नये? घराजवळच्या तळ्यात दोन फुटी प्रतिकृती गळाच्या काठीने ओढून त्याने नौकेचा आकार तपासला, कंपनी काढली, आणि १८९४ च्या ऑगस्टमध्ये वॉल्सेंड येथे टाइन नदीत टर्बिनिया उतरवली.

पहिल्या चाचण्यांत फजिती झाली. एक टर्बाइन, एक दांडा, त्यावर प्रोपेलर. प्रोपेलर एकामागून एक बदलून पाहिले, तरी वेग वीस नॉटच्या पुढे जाईना. लोकांनी टर्बाइनलाच नावे ठेवली असती, आणि पार्सन्सलाही ते सोपे गेले असते. पण तो आधी मोजायला बसला. टर्बाइन आणि प्रोपेलर यांच्यामध्ये दांड्याचा पीळ मोजणारे एक साधन त्याने बसवले. टर्बाइन आपली ताकद इमानेइतबारे देत होती! मग ती जात होती कुठे?

हिमालयात उंचावर डाळ लवकर शिजत नाही, कारण हवेचा दाब कमी असला की पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळते. दाब फारच उतरला तर ते थंड असतानाही उकळते. जोरात फिरणाऱ्या पात्याच्या पाठीमागे नेमके हेच घडते. तिथे वाफेच्या पोकळ्या तयार होतात, पात्याची पाण्यावरची पकड सुटते आणि प्रोपेलर नुसता फेस घुसळतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. ही अडचण 'डेअरिंग' या युद्धनौकेच्या चाचण्यांत जाणकारांच्या ध्यानात आली होती. पार्सन्सने ती डोळ्यांनी पाहायचे ठरवले. आधी उकळीच्या जवळ आणलेल्या पाण्यात छोटा प्रोपेलर फिरवला. मग १८९५ साली तांब्याची एक बंद नळी बनवून तीत पाणी खेळवले, वरची हवा पंपाने काढून दाब कमी केला आणि दोन इंची प्रोपेलरवर लुकलुकता प्रकाश टाकून पोकळ्या जन्मताना पाहिल्या. जगातली ही पहिली कॅव्हिटेशन टनेल.

त्यावरून उपाय सुचला. एका टर्बाइनच्या जागी तीन टर्बाइन बसवल्या. वाफ एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जाई. प्रत्येकीला आपला दांडा आणि प्रत्येक दांड्यावर तीन प्रोपेलर, एकूण नऊ. भार वाटला गेला, पाती पाणी धरू लागली आणि वेग ३४ नॉट झाला, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटर.

२६ जून १८९७. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून स्पिटहेड येथे आरमाराची पाहणी होती. युद्धनौकांच्या रांगांमधून टर्बिनिया भरधाव निघाली आणि पहाऱ्याच्या नौकांना ती सापडेना. ही तारीख वाचून मी क्षणभर थबकलो. त्याच हीरक महोत्सवाचा समारंभ २२ जूनला पुण्यात गणेशखिंडीत झाला आणि तिथून परतणाऱ्या रँडवर चाफेकरांनी गोळ्या झाडल्या. स्पिटहेडला आरमार मिरवत असताना रँड पुण्यात मरणाच्या दारात होता. एकाच उत्सवाची ही दोन टोके. शाळेत आपल्याला एक शिकवले, इथल्या मुलांना दुसरे. आमच्या लेकीला मी दोन्ही सांगितली.

पुढे १९०६ साली 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका टर्बाइनवरच पाण्यात उतरली. पण नऊ प्रोपेलर ही खरी तोड नव्हती. टर्बाइनला पळायला आवडते, तर मोठ्या प्रोपेलरला सावकाश फिरायला. दोघांना एकाच दांड्यावर बांधले तर दोघांनाही मन मारावे लागते. म्हणून पार्सन्सने 'व्हेस्पेशियन' नावाचे जुने मालवाहू जहाज विकत घेतले आणि १९०९ साली त्यात टर्बाइन व प्रोपेलर यांच्यामध्ये दातेरी चाके घातली. टर्बाइनचे सुमारे वीस फेरे झाले की प्रोपेलरचा एक. आता दोघेही आपापल्या स्वभावाने चालू लागले.

खुद्द हायड्रोफॉइलवाल्यांनाही हा पेच टाळावासा वाटला असेल. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या 'एचडी-४' या नौकेने १९१९ साली कॅनडात ताशी ११४ किलोमीटरचा विक्रम केला, तो पाण्यातल्या नव्हे तर हवेतल्या प्रोपेलरवर!

आम्ही काय केले? मोटर तीच ठेवली. मध्ये चारास एक असा गिअर घातला आणि एका फेऱ्यात १५ सेंटिमीटर जाणारा मोठा प्रोपेलर लावला. हिशेब आता ताशी २७ किलोमीटर सांगत होता. कागदावर सत्तरची सत्तावीस झाली, पण सप्टेंबरच्या एका थंडगार सकाळी फळी पाण्याबाहेर आली. सुमारे दहा सेकंद. मग लेक पाण्यात पडली आणि हसत वर आली.

पार्सन्सची मुलगी रेचेल हीही इंजिनियर झाली आणि १९१९ साली स्थापन झालेल्या विमेन्स इंजिनियरिंग सोसायटीची पहिली अध्यक्ष होती, हे मी लेकीला परतताना गाडीत सांगितले. ती म्हणाली, "तिचे बाबाही आधी मोटरलाच दोष देत होते का?"

"नाही," मी म्हणालो. "ते आधी मोजत होते."