ठाण्याहून दिमोनास : आमच्या शेजाऱ्यांचे देशांतर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी आजवर आम्ही कुलवृत्तान्त, जुन्या सनदा व ज्ञातीतील शिक्षणप्रसार अशा विषयांवर यथामति लिहीत आलो. यंदा संपादक मंडळाने निराळीच आज्ञा केली. नौपाड्यात आता असे घर विरळा की ज्यातील एखादा मुलगा वा मुलगी लेकराबाळांसह परदेशी नाही. आजी-आजोबा सहा महिने न्यू जर्सीस अथवा सिडनीस राहून येतात, आणि परतल्यावर तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून एकमेकांस एकच प्रश्न विचारतात : नातवंडे आपली राहतील काय? तेव्हा परदेशी गेलेल्या कुटुंबांच्या संसाराचा काही इतिहास सांगावा, असे आम्हांस सांगण्यात आले. परंतु आपल्या ज्ञातीत हा इतिहास जेमतेम दोन पिढ्यांचा; त्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल. म्हणून आम्ही शेजाऱ्यांच्या घरात डोकावण्याचे योजिले आहे. हे शेजारी म्हणजे ठाण्याचे बेने इस्राएल.

टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यास, ‘शार हाशामाईम’ म्हणजे ‘स्वर्गद्वार’ या नावाचे त्यांचे प्रार्थनामंदिर १८७९ सालापासून उभे आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ते बाहेरून पाहिले असेल, आत क्वचितच कोणी गेले असेल. नौगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचे वंशज कुलाबा जिल्ह्यातील गावोगाव पसरले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. गावांवरून त्यांस आडनावे पडली : पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. धर्मग्रंथ हातून गेले होते, इब्री भाषा विसरली होती. ‘शेमा’ ही एक प्रार्थना, आठव्या दिवशीची सुंता, शनिवारचा विसावा व खाण्यापिण्याचे काही नियम एवढे भांडवल उरले होते. सणांची मूळ नावेही गेली, पण सण राहिले, आणि त्यांस मराठी नावे मिळाली : नव्याचा सण, दारफळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. पुढे त्यांनी मुंबईत १७९६ साली पहिले प्रार्थनामंदिर बांधले, पलटणीत, टपालात व रेल्वेत चाकऱ्या धरल्या, आणि १८८० च्या सुमारास तर अब्राहामादी पुरुषांची चरित्रे आपल्या हरिदासी थाटाने कीर्तनात गाऊ लागले. ग्रंथावाचून शतकानुशतके ज्यांनी धर्म टिकविला, त्यांच्याकडून आपल्या तलावपाळीच्या प्रश्नास काही उत्तर मिळेल, अशी आमची अटकळ होती. ते मिळाले, परंतु आम्ही अपेक्षिले होते ते नव्हे.

१४ मे १९४८ रोजी इस्राएल राष्ट्र स्थापन झाले. त्या सुमारास भारतात सुमारे सव्वीस हजार यहुदी होते व त्यांत बहुसंख्य बेने इस्राएल. या देशात त्यांचा धर्मावरून छळ कधीच झाला नाही, हे ते स्वतःच आवर्जून सांगतात. तरीही ते निघाले. प्रार्थनेत रोज ज्या यरुशलेमचे नाव घ्यावयाचे ते आता खरोखर गाठता येणार होते. शिवाय इंग्रज गेल्यावर रेल्वे, टपाल व जकात या खात्यांतील आपल्या नोकऱ्यांचे काय होईल ही धास्तीही होती. प्रवासखर्चाची सोय ज्यूइश एजन्सी ही संस्था करीत असे. पुष्कळ कुटुंबांत चार-पाच मुले असत.

ते स्वदेश म्हणून गेले आणि तेथे त्यांस परदेश भेटला. प्रथम गेलेल्यांच्या वाट्यास तंबूंच्या व पत्र्याच्या घरांच्या वसाहती आल्या. तेथे तेव्हा अन्नधान्याचे रेशनिंग होते. भाताची सवय असलेल्या मुलांपुढे पाव आला. ठाण्यात वर्षास सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस, तर बीरशेब्यात अवघा दोनशे! रंगावरून कमी लेखले जाते, पांढरा पाव इतरांस व काळा पाव आम्हांस, अशीही त्यांची तक्रार होती. १९५१ च्या अखेरीस त्यांच्यातील एका गटाने तेल अवीव येथे धरणे धरून ‘आम्हांस भारतात परत पोचवा’ अशी मागणी केली, व १९५२ साली काही कुटुंबे खरोखरच परत आणून पोचविण्यात आली. मौज अशी की, त्यांतील बरेच जण पुढे पुन्हा इस्राएलला गेले. येथे त्यांची घरे व नोकऱ्या गेल्या होत्या, आणि मुलांस तिकडची भाषा येऊ लागली होती.

याहून मोठा घाव १९६१-६२ साली बसला. तेथे विवाह धर्मपीठाच्या अनुमतीनेच होतो. बेने इस्राएल वधू वा वर इतर यहुद्याशी विवाह करू इच्छीत असेल, तर त्याच्या आईची, आजीची व त्यामागील पिढ्यांची शक्य तितकी चौकशी करावी, पूर्वजांत परधर्मीयांशी संबंध आला होता काय ते पाहावे, असे मुख्य रब्बींच्या कार्यालयाने ठरविले. ज्या आयांनी लहान मुलांस कडेवर घेऊन सारे सोसले, त्यांच्या त्याच मुलांच्या जन्माविषयी शंका घेतली गेली. तंबू, पाव व ऊन हे सारे सोसता येते. हे सोसता आले नाही. आपल्या ज्ञातिबांधवांस याचे मर्म सांगावयास नको. त्यांनी संघटना केली, मोर्चे काढले, यरुशलेम येथे दिवसच्या दिवस धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ठराव करून बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असून त्यांस समान अधिकार आहेत असे जाहीर केले, आणि धर्मपीठास आपल्या नियमांतून त्यांचे नाव गाळावे लागले.

येथे एक अप्रिय गोष्ट नमूद करणे इतिहासलेखकाचे कर्तव्य आहे. कोकणात असता बेने इस्राएलांतच ‘गोरे’ व ‘काळे’ असे दोन वर्ग होते. ज्यांच्या पूर्वजांत परकीय रक्त मिसळले असे मानीत, ते काळे; त्यांशी गोऱ्यांचा रोटीबेटी व्यवहार नसे. म्हणजे ज्या चौकशीने पुढे सर्वांचाच अपमान झाला, तीच चौकशी त्यांतील काहींनी आपल्याच बांधवांची पिढ्यान्‌पिढ्या केली होती. ही रीत त्यांनी कोणाकडून उचलली, हे सांगण्यास ठाणे जिल्ह्यात दूर जावे लागत नाही. आपल्या मंडळाच्या वधूवर सूचीत पोटशाखेचा रकाना अजून आहे, एवढेच आम्ही येथे म्हणतो.

आता जे सांगावयाचे ते ग्रंथांतले नव्हे. १९६९ साली आम्ही पाचवीत होतो. आमच्या बाकावर एक बेने इस्राएल मुलगा बसे. शनिवारी सकाळची शाळा असे व तो त्या दिवशी नसे. गुरुजी हजेरीपटावर काही न विचारता त्यापुढे खूण करीत. दिवाळीच्या सुटीनंतर तो सोमवारीही आला नाही. वडील, आई, तो व चार वर्षांची बहीण असे चौघे गेले होते. पुढे पंचवीस वर्षे त्याची वार्ता नाही. भारत व इस्राएल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ साली जुळले, त्यानंतर दोन वर्षांनी तो आमच्या दारात उभा राहिला. शरीर स्थूल, केस पांढरे, आणि मराठी मात्र अगदी १९६९ सालचे. ‘काय रे, वळखलंस का?’ हे त्याचे पहिले शब्द.

त्याने सांगितले ते असे. त्यांस नेगेव वाळवंटातील दिमोना या नव्या गावी घर मिळाले. वडील येथे रेल्वेत कारकून होते. तेथे भाषा येईना म्हणून कापडगिरणीत यंत्रावर उभे राहिले. ही गोष्ट त्यांनी ठाण्यास लिहिलेल्या एकाही पत्रात कळविली नाही. शनिवारी सारा देशच बंद आणि रविवारी सकाळी शाळा! ‘इथे शनिवारी मी एकटा घरी असे, तिथे सगळेच घरी, मला पहिले काही महिने कोणी तरी मस्करी करतंय असं वाटे,’ असे तो म्हणाला. मुळाक्षरे उजवीकडून डावीकडे. आम्ही एकाच बाकावर बसून काना-मात्रा गिरविल्या होत्या. त्याने ते सारे उलट दिशेने पुन्हा आरंभिले, व सहा महिन्यांत त्यास बोलता येऊ लागले. आईस सहा वर्षांतही आले नाही.

त्यामुळे घरातील बोलणारा माणूस तो झाला. दुकानात, कचेरीत, दवाखान्यात आईवडील त्याच्या मागे उभे राहत. एकदा डॉक्टरांनी आईच्या शस्त्रक्रियेची गोष्ट काढली. बारा वर्षांच्या मुलाने ती ऐकली आणि आईस सांगितले, ‘गोळ्या दिल्यात, बरं वाटेल.’ दोन आठवडे त्याने ते पोटात ठेवले. शेवटी त्याच्या शिक्षिकेने त्याचा चेहरा पाहून खोदून विचारले, तेव्हा उलगडा झाला. आई वाचली. ‘पण त्या दिवसापासून,’ तो म्हणाला, ‘आईनं मला कधी रागं भरलं नाही. मला ते फार वाईट वाटे.’

आम्ही छत्तीस वर्षे शिक्षकी केली. परदेशी गेलेल्या मुलांविषयी हे वाक्य जितके सांगते तितके आम्हांस कोणत्याही पुस्तकात आढळले नाही. आपण चिंता करतो ती मुले परकी होतील याची. वस्तुतः मुले लवकर रुळतात, आणि रुळलेल्या मुलास घराचे ओझे वाहावे लागते. आजचे आपले अभियंते व डॉक्टर इंग्रजी जाणून जातात, त्यांच्या मुलांवर ही वेळ त्या रीतीने येत नाही हे खरे. परंतु जर्मनीस गेलेल्या आमच्याच एका भाचीच्या घरी शाळेतून आलेली पत्रे आठ वर्षांची मुलगी वाचून दाखविते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

टिकले काय? मांसाबरोबर दूध वर्ज्य म्हणून नारळाच्या रसातली आमटी ते कोकणात करीत, ती तेथेही राहिली. लग्नाआधीची मेंदी राहिली. दिमोना, बीरशेबा, अश्दोद व लोद येथे या मंडळींनी क्रिकेटचे संघ काढले. त्या देशात क्रिकेट जगविले ते बव्हंशी यांनी. एलियाहू हानाबीच्या नावाने पोहे, ओले खोबरे, साखर व फळे यांचा मलिदा करून नवस फेडण्याची चाल, जी जगातील अन्य यहुद्यांत नाही, ती तेथे अद्याप चालते. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे चालविले. मात्र मराठीचे म्हणाल तर आमचा मित्र बोलतो, त्याची बहीण समजते पण उत्तर इब्रीत देते, आणि तिच्या मुलांस चार-दोन पदार्थांची नावे येतात. इब्रीत ‘ळ’ नाही; ती मुले केळ्यास ‘केलं’ म्हणतात. आम्ही प्रथम हसलो, मग हसू आवरले.

ठाण्यात बेने इस्राएल आजही आहेत. २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात यहुदी पाच हजारांहून कमी भरले. त्यांतील मोठा भाग मुंबई-ठाण्याचा. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांस अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली. दहा पुरुष जमल्यावाचून त्यांची सामुदायिक प्रार्थना होत नाही.

मित्र गेल्या हिवाळ्यात पुन्हा आला, या खेपेस नातवासह. शनिवारी सकाळी दोघे स्वर्गद्वारात प्रार्थनेस गेले व सायंकाळी आमच्याकडे आले. नातू अकरा वर्षांचा, आजोबा गेले त्याच वयाचा. आम्ही त्यास मराठीत नाव विचारले. त्याने आजोबांकडे पाहिले, आणि आजोबांनी आमचा प्रश्न त्यास इब्रीत सांगितला. रविवारी आम्ही तिघे गोखले रस्त्यावर गेलो. तेथे मित्राने दोन किलो पोहे बांधून घेतले. आता तिकडेही मिळतात, असे तोच म्हणाला, तरी घेतले.