पणाच्या चकत्या आणि सामायिक फर्माईश

द्यूताचा विषय निघाला की आपल्याकडे धर्मराजाची आठवण निघते आणि बहुधा चर्चाही तेथेच संपते. खेळाच्या नीतीअनीतीचा तो वाद आम्ही आज बाजूला ठेवणार आहोत. आम्हांला बोलायचे आहे ते पटावर पैशांऐवजी मांडल्या जाणाऱ्या चकतीविषयी, आणि ती चकती आपल्या मनासारखी घडवून घेण्यासाठी माणसांनी कोणकोणत्या खटपटी केल्या त्यांविषयी. विषय किरकोळ वाटेल. पण व्यापाराचा इतिहास, कारागिरीचा इतिहास आणि माणसे एकमेकांवर विश्वास कसा टाकतात याचा इतिहास, असे तिन्ही धागे या चकतीत गुंतले आहेत.

चकतीला स्वतःची किंमत नसते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. खेळ आटोपल्यावर यजमान ती परत घेईल आणि तिच्याबद्दल ठरलेले पैसे मोजून देईल, एवढ्या भरवशावर ती चालते. म्हणजे ती एक लहानशी हुंडीच होय. आता हुंडी म्हटली की खोटी हुंडी आलीच. बाजारात मिळणारी साधी चकती खिशात घालून आणली आणि ढिगात मिसळली, तर यजमानाला ती ओळखायची कशी? यावर उपाय एकच: आपल्या चकतीवर दुसऱ्या कोणाजवळ नसेल अशी खूण हवी. फर्मायशी चकतीचा उगम काही अंशी या गरजेत आहे आणि काही अंशी मिरवण्याच्या हौसेत आहे. दोहोंत कोणाचा वाटा मोठा, हे ज्याने त्याने ठरवावे.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये हौसेचा वाटा मोठा होता, असे आमचे मत आहे. त्या काळी तेथील श्रीमंत घरांत ओम्बर, क्वाड्रिल, लू, पोप जोन असे पत्त्यांचे खेळ रोज रात्री चालत. हिशेबासाठी ज्या चकत्या वापरीत त्या मोत्याच्या शिंपल्याच्या असत आणि त्या घडत चीनमधल्या कँटन शहरी. गोल, लंबगोल, लांबट चौकोनी आणि माशाच्या आकाराच्या अशा त्या चकत्या आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. माशाच्या आकाराची कथा मोठी गमतीची आहे. फ्रेंच भाषेत अशा खुणेला 'फिश' म्हणत. त्या शब्दाचा माशाशी काही संबंध नाही. इंग्रजांच्या कानाला मात्र तो आपल्या भाषेतला मासाच वाटला, आणि कँटनच्या कारागिराने शिंपल्यातून खरोखरीची मासोळी कापून दिली. जेन ऑस्टेनच्या १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीतील धाकटी लिडिया किती मासे हरले नि किती जिंकले याची बडबड करते, ती याच मासोळ्यांची. आपल्याकडच्या वाचकाला तो मजकूर प्रथम वाचताना कोळीवाड्याची आठवण झाली तर त्याचा दोष नाही.

या चकत्यांवर कुळाचे मानचिन्ह किंवा नावाची आद्याक्षरे कोरलेली असत. ती फर्माईश जाई कशी? १७५७ च्या बादशाही हुकुमानंतर पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये कँटन हे एकच बंदर मोकळे राहिले, आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहापर्यंत हीच स्थिती होती. ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य माल चहा. पण जहाजाच्या कप्तानाला व अधिकाऱ्यांना स्वतःच्या खासगी व्यापारासाठी काही जागा मिळे, आणि त्या जागेतून ओळखीच्या घराण्यांच्या फर्मायशी जात-येत. घराण्याने मानचिन्हाचे चित्र द्यायचे. कप्तानाने ते सहा-सहा महिने समुद्रावर सांभाळून कँटनच्या कारागिराकडे पोचवायचे. ईशान्येच्या मोसमी वाऱ्यावर जहाज परतले म्हणजे माल घरी यायचा. चित्र दिल्यापासून चकती हाती पडेपर्यंत दीड-दोन वर्षे सहज उलटत. मधल्या काळात जहाज बुडाले, कप्तान मेला, वा कारागिराला चित्र उमगले नाही, तर दाद मागायची कोणाकडे? याच मार्गाने मागवलेल्या चिनी मातीच्या भांड्यांवर तर असेही प्रकार आढळतात की, चित्रात ज्या जागी रंगाचे नाव लिहून दिले होते त्या जागी रंग न भरता ते नावच हुबेहूब उतरवलेले आहे! कारागिराचा काय अपराध? त्याला दिलेले चित्र त्याने इमानाने रेखाटले.

एकट्या घराण्याला हा खर्च झेपत होता म्हणून ही पद्धत चालली. पण एकट्याला न झेपणारी गोष्ट अनेकांनी मिळून घडवून घ्यायची, हीही युक्ती त्याच समाजाला ठाऊक होती. अलेक्झांडर पोप या कवीने होमरच्या 'इलियड'चे इंग्रजी भाषांतर १७१५ ते १७२० या काळात सहा खंडांत काढले ते आगाऊ वर्गणीदार मिळवून. वर्गणीदारांची संख्या ५७५ होती. योगायोग असा की, ओम्बरच्या डावाचे सर्वांत प्रसिद्ध वर्णनही याच पोपच्या एका काव्यात आहे. पुस्तकासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या त्या लोकांना चकत्यांसाठी ती गोळा करण्याचे सुचले नाही, कारण दुसऱ्याचे मानचिन्ह असलेली चकती घेऊन करायचे काय? सामायिक फर्माईश होण्यासाठी आधी खूण सामायिक व्हावी लागते. ती व्हायला पुढे बराच काळ जावा लागला, आणि ते घडले अमेरिकेत.

पोकर हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू ऑर्लिन्सच्या आसपास रुजला आणि मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींतून वर पसरत गेला. आरंभी पटावर नाणी, सोन्याची भुकटी, हाडाच्या वा हस्तिदंताच्या चकत्या असे काहीही चाले. १८८० नंतरच्या दशकात चिकणमाती आणि लाख यांच्या मिश्रणाची, साच्यात दाबून काढलेली चकती बाजारात आली, आणि तिने हस्तिदंताला हटवले. ही लाख म्हणजे आपल्या छोटा नागपूरच्या रानातल्या पळस-कुसुमाच्या फांद्यांवरच्या किड्यांची देणगी. जगाला लाख पुरवण्यात त्या काळी हिंदुस्थानच अग्रेसर होता. अमेरिकेतल्या जुगाराच्या अड्ड्यात खुळखुळणाऱ्या चकतीत आपल्या रानातला अंश असावा, ही गोष्ट आम्हांला मोठी नवलाची वाटते.

साच्यातली चकती आल्यावर फर्माईश स्वस्त झाली. सिनसिनाटीची युनायटेड स्टेट्स प्लेइंग कार्ड कंपनी, शिकागोची एच. सी. इव्हान्स कंपनी यांसारखे कारखानदार क्लबाच्या नावाची अक्षरे उठवून चकत्या पाठवीत. यांतले कितीतरी क्लब बेकायदा होते. त्यांनी आपल्या हिशेबाच्या वह्या अर्थातच ठेवल्या नाहीत. कारखान्यांच्या फर्मायशींच्या नोंदी मात्र काही ठिकाणी उरल्या, आणि अमुक अक्षरांची चकती अमुक गावच्या अमुक क्लबाची, हे आजचे संग्राहक त्या नोंदींवरून ओळखतात. ज्या धंद्याने आपला इतिहास पुसून टाकण्याची खबरदारी घेतली त्याचा इतिहास त्याच्या पुरवठादाराने जपावा, हे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१९३१ साली नेव्हाडा राज्याने जुगाराला कायद्याची मान्यता दिली. पुढे लास व्हेगासचे कॅसिनो उभे राहिले आणि चकती ही चलनी नोटेइतक्या काळजीने घडवण्याची वस्तू बनली. कडेला निराळ्या रंगांचे ठिपके, मध्ये छापील चित्र, काठावर साच्याची नक्षी. १९६३ साली लास व्हेगासला निघालेल्या पॉल-सन कंपनीची उंच टोपी व छडी यांची नक्षी तर संग्राहकांत प्रसिद्धच आहे. ही कंपनी २००२ साली एका जुन्या फ्रेंच कारखान्याशी एक झाली आणि २०१९ साली जपानच्या एंजेल कंपनीच्या ताब्यात गेली. अशा चकत्या गोळा करणाऱ्यांची संघटना १९८८ साली अमेरिकेत स्थापन झाली. त्यानंतर २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाच्या एका साध्या हिशेबनिसाने पोकरच्या जागतिक स्पर्धेत ८३९ स्पर्धकांत पहिला येऊन २५ लाख डॉलर जिंकले, आणि घरोघरी पोकरचे डाव मांडले जाऊ लागले. घरच्या यजमानालाही आता कॅसिनोसारखी चकती हवीशी झाली. पण कॅसिनोचा कारखानदार घरगुती गिऱ्हाइकाला कशाला उभा करील?

येथे सामायिक फर्मायशीचा जन्म होतो. तिचे गणित पाहू. आकडे सोयीसाठी कल्पिलेले आहेत. ठसा, चित्र आणि रंगांची जुळवणी यांचा खर्च ३०,००० रुपये, आणि त्यानंतर दर चकतीला ६० रुपये. एकट्याने ३०० चकत्या घेतल्या तर एक चकती १६० रुपयांना पडते. वीस जणांनी मिळून ६,००० घेतल्या तर तीच ६५ रुपयांना. प्रत्येकाचे ४८,००० रुपयांचे काम १९,५०० रुपयांत होते. शिवाय कारखानदाराची जी किमान संख्येची अट असते तीही भागते. खूण म्हणून घराण्याचे मानचिन्ह चालत नाही. मग एखाद्या कल्पित क्लबाचे नाव घेतात, नाहीतर एखाद्या बुडालेल्या कॅसिनोची आठवण जागवणारे चित्र काढतात. आम्ही वर म्हटली ती सामायिक खूण हीच.

गणित सोपे आहे. माणसे सोपी नाहीत. एक जण पुढाकार घेतो आणि त्याच्या मागे नाना प्रश्न लागतात. चित्र कोणाचे पसंत करायचे? एकाला लहान किमतीच्या चकत्या पुष्कळ हव्यात, कारण त्याच्याकडे पैशांचा डाव चालतो. दुसऱ्याला मोठ्या किमतीच्या हव्यात, कारण तो स्पर्धा भरवतो. नमुना हातात आल्यावर निळा फारच जांभळट आहे म्हणून तिसरा कुरकुरतो. आणि खरी कसोटी पैशाची. कारखानदार आगाऊ रक्कम मागतो, म्हणून पुढाकार घेणाऱ्याला ती वीस जणांकडून आधी गोळा करावी लागते. मग माल येईपर्यंत महिनेच्या महिने ती रक्कम केवळ त्याच्या शब्दावर असते. वरच्या उदाहरणात ऐन वेळी पाच जण गळाले तर उरलेल्या पंधरांवर प्रत्येकी ५०० रुपयांचा बोजा पडतो. तो कोणी सोसायचा, हे आधी बोलून ठेवलेले नसेल तर भांडण ठरलेले.

भिशी चालवणाऱ्यांना हे सारे परिचयाचे वाटेल. पण भिशीचे सभासद दर महिन्याला एकमेकांची तोंडे पाहतात. हे संग्राहक शेकडो मैलांवर विखुरलेले, कित्येकदा एकमेकांना कधी न भेटलेले असतात. कायद्याच्या दृष्टीने त्यांची ना संस्था, ना भागीदारी. कँटनला चित्र नेणाऱ्या कप्तानाची जी जागा तीच या पुढाऱ्याची, फक्त त्याच्या पाठीशी कंपनीचे नावही नाही. म्हणून जाणते लोक काही गोष्टी पाळतात. रक्कम घेण्याआधी मागणीचे आकडे लेखी घेतात, कारखान्याचे दरपत्रक सर्वांना दाखवतात, आणि नमुन्याला मान्यता मिळाल्यावाचून पुढचे काम सांगत नाहीत. पुढाऱ्याने आपल्या श्रमाचा मोबदला घ्यावा की नाही, यावर मात्र दुमत आहे. आम्ही म्हणतो, घ्यावा आणि उघड घ्यावा. फुकट काम करणाऱ्याला हिशेब विचारायला लोक संकोचतात, आणि विचारला तर तो दुखावतो.

माल आल्यावरही काम सरत नाही. शंभर-शंभरांच्या ओळी लावून मोजायचे, टवका गेलेल्या वेगळ्या काढायच्या, वीस पुडकी बांधायची. नेहमीची मोडतोड धरून थोड्या जास्त चकत्या सांगितलेल्या असतात. त्या उरल्या तर कोणाच्या? आणि वर्षभराने नवे दहा जण येऊन तेच चित्र, तोच रंग मागू लागले तर? चकती विरळ राहावी म्हणून पहिले वीस जण नाही म्हणतात. ज्याचा संच थोडक्यात अपुरा पडला आहे असा त्यांतलाच एखादा हळूच हो म्हणतो. चित्र काढणाऱ्याचे म्हणणे, हक्क माझा; कारखानदाराचे म्हणणे, साचा माझा. आम्हांला मधला मार्ग पटतो: दुसऱ्या खेपेस चित्र तेच ठेवावे, पण चकतीवर साल निराळे घालावे, आणि तसे करण्यापूर्वी पहिल्या वीस जणांना एकदा विचारावे.