टपालवाल्याची टकटक आणि मुकी वजावट : आवर्ती देयकांची कहाणी

बँकेच्या कार्डाच्या विवरणपत्रात कधीतरी एक अनोळखी ओळ दिसते. रक्कम १९९ किंवा ४९९ रुपयांची. नाव असे की कोणी ते अर्ध्यावर खोडून टाकले असावे. मागचा महिना उलटून पाहावा तर तीच ओळ तिथेही, त्याच तारखेच्या आसपास. चोरी म्हणावी तर चोर इतका वक्तशीर नसतो; आणि आपणच संमती दिली म्हणावे तर ती केव्हा दिली हे काही केल्या आठवत नाही. या संभ्रमाला इतिहास आहे आणि तो कार्डाहून जुना आहे. आजचे टिपण त्याविषयी.

आरंभ आपल्याकडूनच करू. हिंदुस्थानच्या टपाल खात्याने १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे नियतकालिकांच्या भाषेतील 'व्ही. पी.', सुरू केली. मनीऑर्डर तिच्यामागून, १८८० मध्ये आली. मराठी मासिकांचा संसार चालत असे तो वर्गणीवर, आणि वर्गणीदार हा तेव्हाही विसराळूच. त्यामुळे वर्ष सरत आले की व्यवस्थापकांची सूचना अंकात छापली जाई : आपली वर्गणी संपत आहे, पुढील अंक व्ही. पी.ने पाठवू, नको असल्यास आधी कळवावे. न कळवणे हाच होकार. 'मौनं संमतिलक्षणम्' या वचनाचा इतका व्यवहारी उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती, जिचे मोल तेव्हा कोणाला जाणवले नसेल. अंक घेऊन टपालवाला दारात उभा राही. घरच्याने पैसे मोजून दिले तर अंक आत यायचा. 'नको' म्हटले की शेरा मारून तो आल्या वाटेने परत. संमती मौनाने गृहीत धरली गेली असली तरी पैसा मात्र हाताशिवाय हलत नसे. परत आलेल्या व्ही. पी.चा टपालखर्च संपादकाच्या माथी बसे, म्हणून 'व्ही. पी. परत करून आमचे नुकसान करू नये' अशी विनवणीही अंकातून होत असे. विनवणी करावी लागे, याचाच अर्थ अधिकार वाचकाकडे होता. पुढच्या शंभर वर्षांत हा दारावरचा क्षण कसा नाहीसा झाला, हीच या देयकांची खरी गोष्ट आहे.

१९२६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हॅरी शेर्मन या जाहिरात-लेखकाने सहकाऱ्यांच्या साथीने 'बुक ऑफ द मंथ क्लब' काढला. जाणत्या परीक्षकांनी निवडलेले नवे पुस्तक दरमहा टपालाने सभासदाच्या घरी जायचे. पहिला मान सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर यांच्या 'लॉली विलोज' या कादंबरीला मिळाला. या क्लबाने अमेरिकी मध्यमवर्गाच्या वाचनाला वळण लावले, हे खरेच. परंतु व्यापाराच्या इतिहासात तो ओळखला जातो तो एका छापील कार्डामुळे. पुढचे पुस्तक कोणते, हे सभासदाला आधी कळवले जाई. नको असेल तर त्याने कार्ड भरून मुदतीत परत पाठवायचे. कार्ड आले नाही की पुस्तक निघाले, आणि त्याच्या पाठोपाठ बिल. १९५५ मध्ये कोलंबिया कंपनीने हाच साचा ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी वापरला. आरंभी जवळजवळ फुकट तबकड्यांचा गठ्ठा मिळे, आणि पुढे नकार कळवायला विसरल्याची किंमत महिनोन्‌महिने मोजावी लागे.

आजच्या 'फ्री ट्रायल'चे हे आजोबा. तक्रारी इतक्या वाढल्या की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७३ मध्ये अशा 'नकार न दिल्यास होकार' योजनांसाठी नियम केला : अटी स्पष्ट सांगा आणि नकार कळवायला किमान १० दिवस द्या. तरीही बिल चुकवायचे की नाही, हे शेवटी सभासदाच्या धनादेशावरच ठरत होते. क्लबाला फार तर तगाद्याची पत्रे धाडता येत. पैसा अजून हातातच होता.

तो हात बाजूला झाला इंग्लंडमध्ये, आणि निमित्त होते आइस्क्रीम. युनिलिव्हर कंपनीतील डेनिस ग्लॅडवेल यांना १९६४ मध्ये गावोगावच्या आइस्क्रीम विक्रेत्यांकडून येणे वसूल करायचे होते. दर विक्रेत्याच्या धनादेशाची वाट पाहणे जिकिरीचे. त्यातून 'डायरेक्ट डेबिट' जन्माला आले : विक्रेत्याने एकदाच अधिकारपत्र द्यायचे आणि मग कंपनीनेच त्याच्या बँकेकडून रक्कम मागून घ्यायची. आधी हे कागदावर चाले. १९६८ मध्ये ब्रिटिश बँकांनी पुढे 'बॅक्स' या नावाने ओळखली गेलेली संगणकीय यंत्रणा उभारली आणि कागदाची जागा चुंबकीय फितीने घेतली.

हा बदल वरकरणी कारकुनी वाटतो, पण त्याने व्यवहाराची दिशाच उलटली. त्याआधी बँकेला 'स्थायी आदेश' देता येई : दरमहा अमुक रक्कम अमक्याला द्या. त्यात रक्कम ठरवणारा आणि पैसा ढकलणारा खातेदारच. डायरेक्ट डेबिटमध्ये पैसा ओढतो तो घेणेकरी, आणि किती ओढायचा हेही तोच सांगतो. आपण वाण्याला पैसे मोजून देणे निराळे आणि वाण्याने आपल्या बटव्यात हात घालणे निराळे, मग रक्कम भले तीच असो. ब्रिटिश बँकांनी हा धोका ओळखला होता. म्हणून तिथे 'डायरेक्ट डेबिट गॅरंटी' आहे : चुकीची रक्कम ओढली गेली तर खातेदाराची बँक आधी पूर्ण पैसे परत करते, घेणेकऱ्याशी हिशेब नंतर. घेणेकऱ्याला बटवा उघडा ठेवायचा असेल तर जबाबदारीही त्या बाजूनेच उचलावी, हा न्याय मला अत्यंत सरळ वाटतो. दुर्दैवाने कार्डांच्या जगात तो इतक्या सरळपणे आला नाही.

कार्डांचा आरंभच मुळी न मागितलेल्या वस्तूने झाला. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात ६०,००० कार्डे टपालात टाकली. कोणीही त्यांच्यासाठी अर्ज केलेला नव्हता. हेच 'बँकअमेरिकार्ड' पुढे 'व्हिसा' झाले. न मागता कार्डे पाठवण्यावर अमेरिकेने १९७० मध्ये बंदी घातली आणि १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याने ग्राहकाला एक मोठे शस्त्र दिले : विवरणपत्रातील ओळ चुकीची वाटली तर ६० दिवसांत लेखी हरकत घ्या, तपास पूर्ण होईपर्यंत ती रक्कम देऊ नका. बँकेने व्यापाऱ्याकडून पैसे उलटे वळवण्याची 'चार्जबॅक' नावाची प्रक्रिया आज जगभर चालते, तिच्यामागे हाच विचार आहे.

हरकत घ्यायची तर आधी ती ओळ ओळखता यायला हवी, आणि तिथेच घोडे पेंड खाते. कार्डाच्या व्यवहाराचा संदेश 'आयएसओ ८५८३' या प्रमाणानुसार जातो. ते प्रथम १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात व्यापाऱ्याचे नाव, शहर आणि देश या सर्वांना मिळून ४० अक्षरांची जागा आहे. दुकानाच्या पाटीसाठी ती पुरेशी होती, कारण ग्राहक स्वतः दुकानात गेलेला असे. इंटरनेटवर मात्र ॲपचे नाव एक, ते चालवणाऱ्या कंपनीचे नोंदणीकृत नाव दुसरे आणि मध्ये पैसे गोळा करणारी तिसरीच संस्था. या तिघांचे कडबोळे ४० अक्षरांत कोंबले की विवरणपत्रावर जे उमटते ते कोणालाच ओळखू येत नाही. अनोळखी वाटणाऱ्या ओळींपैकी काही खरोखरीच लबाडीच्या असतात. पण काही आपल्याच विसरलेल्या संमतीने वेषांतर करून आलेल्या असतात.

दरम्यान व्यापाऱ्यांनी ग्राहकाचे कार्ड स्वतःपाशी जपून ठेवायला सुरुवात केली. ॲमेझॉनला १९९९ मध्ये 'एका टिचकीत खरेदी'चे अमेरिकी पेटंट मिळाले, ते याच सोयीवर उभे होते. कार्डाची मुदत संपली वा क्रमांक बदलला की वर्गणी आपोआप तुटायची, हा एक नैसर्गिक बांध होता. कार्डांच्या जाळ्यांनी नवा क्रमांक व्यापाऱ्याला परस्पर कळवणाऱ्या सेवा सुरू करून तोही काढून टाकला. म्हणूनच 'कार्ड बदलले तरी पैसे जातच आहेत' ही तक्रार ऐकू येते. कार्ड बदलणे हा आवर्ती देयकावरचा खात्रीचा उपाय नव्हे. तोडायचा असतो तो अधिकार.

भारताने येथे वेगळी वाट धरली. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये देशांतर्गत ऑनलाइन कार्डव्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली. आपल्या परिचयाचा ओटीपी त्यातूनच घरोघर पोहोचला. परदेशी व्यवहारांना ही सक्ती नव्हती, आणि या फटीतून काही कंपन्या भारतातल्याच सेवेचे पैसे परदेशी मार्गाने वसूल करू लागल्या. ऑगस्ट २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही पळवाट बंद केली. टॅक्सीसेवा देणाऱ्या उबरला त्याच वर्षी आपली वसुलीची पद्धत बदलून पेटीएमच्या वॉलेटचा आधार घ्यावा लागला.

पुढचे पाऊल २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाचे. कार्डावरील आवर्ती देयकासाठी ई-मँडेट हवा, त्याची नोंदणी दुसऱ्या पडताळणीनेच व्हावी, प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी आणि त्या सूचनेतूनच ती वजावट वा अवघा मँडेट नाकारण्याची सोय असावी, अशी ती व्यवस्था. मँडेट केव्हाही मागे घेण्याची ऑनलाइन सोय कार्ड देणाऱ्या बँकेने करायची आहे, हा त्यातला सर्वांत मोलाचा भाग. कारण त्यामुळे नकारासाठी व्यापाऱ्याच्या दारात जावे लागत नाही. ओटीपीविना जाऊ शकणारी रक्कम आधी २,००० रुपयांपर्यंत होती, जानेवारी २०२१ पासून ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,०००. डिसेंबर २०२३ मध्ये म्युच्युअल फंड, विम्याचे हप्ते आणि क्रेडिट कार्डाची बिले यांच्यासाठी ती एक लाखापर्यंत वाढवली गेली.

बँकांना तयारीला वेळ हवा म्हणून अंमलबजावणी लांबली आणि १ ऑक्टोबर २०२१ ला ती प्रत्यक्षात आली, तेव्हा पुष्कळांची चालू सबस्क्रिप्शने अडली. त्या महिन्यात रिझर्व्ह बँकेला बरीच दूषणे मिळाली. व्यापारी तक्रार करत होते ती समजण्याजोगी होती. परंतु मला तो निर्णय जुन्या टपालवाल्याला पुन्हा दारात आणून उभा करणारा वाटतो. फरक इतकाच की आजची टकटक शेकडो जाहिरातींच्या संदेशांत मिसळून येते. १९७३ च्या अमेरिकी नियमाने १० दिवस दिले होते; आपल्याला २४ तास मिळतात, तेही संदेश वाचला तर.

नकार देणे अवघड करणे हाही आता व्यापाराचाच एक भाग झाला आहे. फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनविरुद्ध जो दावा केला, त्यात 'प्राइम' बंद करण्याच्या प्रक्रियेचे कंपनीतील टोपणनाव उघड झाले : 'इलियड'. होमरच्या दीर्घ युद्धकाव्याचे नाव! दाव्यानुसार त्या वाटेत ४ पाने, ६ टिचक्या आणि १५ पर्याय होते. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने २.५ अब्ज डॉलरना तडजोड केली. त्याच वर्षी जुलैमध्ये मात्र सभासद होणे जितके सोपे, तितकेच सोडणेही सोपे असावे, असे सांगणारा आयोगाचा नवा नियम तिथल्या अपील न्यायालयाने रद्दबातल ठरवला होता. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ क्लृप्त्यांची यादी केली. 'सबस्क्रिप्शनचा सापळा' त्यांतलीच एक.

अनोळखी ओळ दिसल्यावर हा सारा इतिहास प्रत्यक्ष उपयोगी पडतो तो एका भेदामुळे. संमती दिली होती पण विसरलो, तर उपाय मँडेट मागे घेण्याचा : बँकेच्या ॲपवर वा संकेतस्थळावर ई-मँडेटची यादी असते, तिथून तो रद्द करावा. देयक यूपीआयवरचे असेल तर यूपीआय ॲपमधील 'ऑटोपे'ची यादी पाहावी. फोनमधून ॲप नुसते काढून टाकल्याने मँडेट जात नाही. संमती दिलीच नव्हती, तर प्रकरण निराळे, आणि तिथे घड्याळ चालू झालेले असते.

त्यासाठीचा पाया ६ जुलै २०१७ चे परिपत्रक. दोष बँकेचा नाही, ग्राहकाचाही नाही, यंत्रणेत अन्यत्र आहे, अशा अनधिकृत व्यवहारात बँकेची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काहीही भार येत नाही. ४ ते ७ दिवसांत कळवल्यास मर्यादित भार येतो. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. कळवल्यापासून १० कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि ग्राहक जबाबदार असल्यास ते सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर. ओटीपी स्वतःच दुसऱ्याला सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. तक्रार लेखी द्यावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा, कारण बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेकडे जाता येते. तिथे शुल्क नाही. पहिल्या तक्रारीचा पुरावा मात्र लागतो.