ट्यूपल : घटकांचे वाचन

ट्यूपल म्हणजे ठरावीक संख्येच्या मूल्यांची क्रमबद्ध मोट. या मूल्यांना घटक म्हणतात. ते निरनिराळ्या प्रकारचे असू शकतात आणि अनेक भाषांत एकदा भरले की बदलता येत नाहीत. घटक क्रमांकाने वाचता येतो, नावाने वाचता येतो किंवा सगळे घटक एकदम सुटे करून निरनिराळ्या चलांत घेता येतात. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये यांपैकी कोणती वाट खुली ठेवायची हे क्लास लिहिणारा ठरवतो, आणि पुढे तो क्लास वापरणारे सगळे त्या निर्णयाला बांधले जातात.

या निर्णयाचे एक चांगले उदाहरण गुरुत्वीय लहरींच्या संशोधनात सापडते. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारली जात आहे. तिच्या दोन्ही भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या असतील. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याचे आयुका प्रकल्पातील प्रमुख संस्थांपैकी एक आहे. अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथील लायगोची जुळी यंत्रे आधीपासून काम करत असल्याने या विद्याशाखेचे सॉफ्टवेअर तयार आहे, आणि त्यातला मोठा भाग पायथॉनमध्ये आहे.

वेधयंत्र अखंड चालत नाही. भूकंपाने, वादळाने, आरशांची जुळणी ढळल्याने मापन थांबते. म्हणून कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंतची विदा वापरण्याजोगी आहे, हे जोड्यांच्या रूपात नोंदवतात. वेळ ६ जानेवारी १९८० पासूनच्या जीपीएस सेकंदांत मोजली जाते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेली पहिली गुरुत्वीय लहर ११२६२५९४६२ या सेकंदात आली. अशा कालखंडासाठी लायगोच्या लायब्ररीत ‘सेगमेंट’ नावाचा क्लास आहे आणि तो थेट पायथॉनच्या ट्यूपलपासून वारशाने बनवला आहे. त्यामुळे चलाचे नाव ‘खंड’ असेल तर खंड[०] म्हणजे आरंभ आणि खंड[१] म्हणजे शेवट. (पायथॉन ३ मध्ये चलांना देवनागरी नावे खरोखर चालतात, कोडमधले अंक मात्र इंग्रजीच लागतात.) मूल्ये उलटी दिली तरी क्लास ती लहान-मोठी लावून घेतो. केवलमूल्य काढणारे फंक्शन लावले की खंडाची लांबी मिळते. पुढे जीडब्ल्यूपाय या लायब्ररीने याच क्लासवर आपला क्लास रचून ‘स्टार्ट’ आणि ‘एंड’ ही नावे जोडली. त्या नावांमागे वेगळा साठा नाही; ‘स्टार्ट’ विचारले की आतून शून्य क्रमांकाचा घटकच वाचला जातो.

इथे क्रमांकाने वाचणे निर्धोक आहे, कारण आरंभ शेवटाच्या आधी येतो हा क्रम काळानेच घालून दिलेला आहे. स्थानाच्या जोडीला असा आधार नाही. औंढा नागनाथ साधारण १९.५ अंश उत्तर आणि ७७ अंश पूर्व येथे आहे. बोलताना आपण अक्षांश आधी सांगतो, पण नकाशांसाठी वापरले जाणारे जिओजेसन हे मानक रेखांश आधी मागते. ही जोडी उलटी वाचली तर औंढा थेट आर्क्टिकमध्ये, स्वालबार्ड द्वीपसमूहाजवळच्या समुद्रात जाऊन पडते. ७७ हा अक्षांशही वैध असल्यामुळे प्रोग्राम कुठेच तक्रार करत नाही. लायगोच्या सी भाषेतील लॅलसूट या जुन्या संचात वेधयंत्राच्या स्थानाच्या क्षेत्रांना लांबलचक नावे आहेत. अक्षांश की रेखांश एवढेच नव्हे, तर एकक रेडियन आहे हेही नावातच लिहिले आहे. टंकायला कंटाळवाणे, पण योग्य.

पायथॉनच्या २००८ मधील २.६ आवृत्तीपासून ‘नेमडट्यूपल’ मिळतो. त्यात स्थान.अक्षांश असेही वाचता येते आणि स्थान[०] असेही. घटक बदलायचा तर नवी प्रत काढावी लागते. मूळ ट्यूपल तसाच राहतो. सोय मोठी आहे, तरी क्रम यातून लपत नाही. दोन घटकांच्या स्थानात पुढे समुद्रसपाटीपासूनची उंची घातली, तर ‘अक्षांश, रेखांश = स्थान’ असे सुटे करणारी प्रत्येक ओळ मोडते. शिवाय दोन भिन्न नेमडट्यूपलांत तीच मूल्ये त्याच क्रमाने असली तर पायथॉन त्यांना समान मानतो, मग एकात अंश असोत आणि दुसऱ्यात किलोमीटर. फाइलची माहिती देणाऱ्या ‘ओएस.स्टॅट’मध्ये घटक वाढवण्याच्या अडचणीवर तडजोड दिसते: जुने १० घटक क्रमांकानेही मिळतात, नंतर आलेले फक्त नावाने. ज्या क्लासमध्ये उद्या भर पडण्याची शक्यता आहे, त्याने ट्यूपलचा वारसा घेऊ नये. पायथॉन ३.७ मधील डेटाक्लास हा त्यासाठी अधिक बरा मार्ग.

इतर भाषांत मोजणीची सुरुवातसुद्धा एक नाही. सी++ मध्ये घटक वाचणाऱ्या ‘गेट’ला क्रमांक द्यायचा तो शून्यापासून, आणि तो संकलनाच्या वेळीच ठाऊक असावा लागतो, कारण प्रत्येक घटकाचा प्रकार वेगळा असू शकतो. याचा फायदा असा की चुकीचा क्रमांक प्रोग्राम चालण्याआधीच पकडला जातो. पायथॉनमध्ये तो चालताना कळतो, आणि उणे एक दिला तर चूक न होता शेवटचा घटक हाती येतो. सी-शार्पमध्ये ‘आयटम१’, ‘आयटम२’ अशी एकापासून मोजणी आहे. २०१७ मधील सी-शार्प ७ पासून घटकांना आपली नावे देता येतात, पण ती संकलकापुरतीच असतात. चालणाऱ्या प्रोग्राममध्ये मूल्य शेवटी ‘आयटम१’मध्येच असते. स्काला २ मध्येही मोजणी एकापासूनच.

जावाने वेगळी भूमिका घेतली. २०२१ मध्ये १६ व्या आवृत्तीत तिच्यात ‘रेकॉर्ड’ कायमचे आले. रेकॉर्डच्या प्रत्येक घटकाला नाव द्यावेच लागते, त्या नावाची वाचन-मेथड आपोआप तयार होते आणि क्रमांकाने घटक वाचण्याची सोय नाही. निनावी ट्यूपल जावा भाषेत आजही नाही.